गारवानिर्णय

कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत ‘निर्णयसिंधु’ लिहिला आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’. एकादशी लागोपाठ दोन दिवस आली तर कोणती धरायची, ग्रहणाचे वेध कधीपासून पाळायचे, अधिक महिन्यात श्राद्ध आलं तर काय करायचं, असल्या शेकडो पेचांचा निकाल या दोन ग्रंथांनी लावून ठेवला आहे. त्यामुळे घरोघरची किती भांडणं मिटली याला गणती नाही. मात्र कडक उन्हाळ्यानंतर पहिला गारवा आला, हे कोणी ठरवायचं, कधी ठरवायचं आणि कशाच्या आधारावर, याबद्दल दोन्ही ग्रंथकार चकार शब्द काढत नाहीत. दोघांपैकी एकाला जरी मे महिना नागपुरात काढावा लागला असता, तरी तिथी बाजूला ठेवून त्याने आधी हाच विषय घेतला असता, असं आमचं नम्र मत आहे. ती उणीव भरून काढण्यासाठी हा अल्प प्रबंध.

क्षेत्र आधी आखून घेतो. विदर्भ, आणि त्यातही नागपूर. पुण्याचा उन्हाळा आम्ही विचारात घेतलेला नाही. जिथे रात्री नुसत्या पंख्यावर भागतं तिथल्या कुरकुरीला आमच्याकडे उन्हाळा म्हणत नाहीत. मुंबईचाही वगळला आहे, कारण तिथला माणूस मार्चपासूनच ओला असतो आणि पावसाने त्याच्या अवस्थेत मूलभूत फरक पडत नाही. जळगाव-भुसावळ, परभणी-नांदेडच्या वाचकांनी पुढचे सगळे नियम अतिदेशाने स्वतःला लावून घ्यावेत. शेतकऱ्याचं वाट पाहणं मात्र या प्रबंधाच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. त्याचा जीव पेरणीत, बियाण्यात आणि पीककर्जात अडकलेला असतो. त्यावर प्रबंध करायची आमची लायकी नाही. आम्ही बोलतो आहोत ते निव्वळ अंगाला बरं वाटण्याविषयी. जगात त्याला कोणी काडीचं महत्त्व देत नाही, पण जूनमध्ये घराघरांत आवाज चढतो तो त्याच्यावरूनच.

विषय

होळी पेटली की नागपुरात गच्चीवरून कूलर उतरतो. पत्र्याचा, लोखंडी स्टँडवर उभा, खिडकीत तोंड खुपसलेला. तिन्ही बाजूंच्या ताट्यांतलं गेल्या वर्षीचं गवत काढायचं. ते क्षारांनी पांढरं आणि कडक झालेलं असतं, हात लावला की भुगा होतो. नवं गवत भरायचं, हौस असेल तर वाळा घालायचा. पंप बादलीत बुडवून चालतो का ते बघायचं, टाकीचं भोक एम-सीलने बुजवायचं, आणि पंख्याला तेल दिल्यावर तो गेल्या वर्षीसारखाच खडखडतो याची खात्री करून घ्यायची. त्या दिवसापासून घराला एक खिडकी कमी होते.

एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मेमध्ये रोजचं कमाल तापमान सरासरीनेच ४२-४३ अंश असतं आणि चढलंच तर ४७.९पर्यंत जातं, मे २०१३मध्ये गेलं होतं. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. संवेदकात बिघाड होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. खात्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण त्या दुपारी सीताबर्डीतून दुचाकीवर घरी आलेला कोणी माणूस ते मान्य करील, असं वाटत नाही.

खात्याची बाजूही ऐकली पाहिजे. खात्याचा तापमापक मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. पेटीला चहूबाजूंनी झडपा, म्हणजे वारा खेळता राहतो आणि ऊन आत येत नाही. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने ही रचना काढली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा हा बाप. कायम सावली, कायम वारा, कामधंद्याला बाहेर पडणं नाही. मे महिन्यात नागपुरात इतक्या सुखात फक्त तापमापक राहतो, आणि अख्ख्या शहराचे हाल किती, हे त्याला विचारून ठरवलं जातं.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा लागतो. हे नऊ दिवस दुपट्ट्याने डोकं-तोंड बांधून फिरायचे. कपाळ, कान, मान, सगळं झाकून फक्त डोळे उघडे. या काळात ओळखीची माणसं रस्त्यात एकमेकांना गाडीच्या नंबरावरून ओळखतात. घरी आल्यावर कैरीचं पन्हं, माठातलं पाणी, आणि भिंतीला पाठ टेकली तर भिंतही तापलेली. गच्चीवर संध्याकाळी बादल्या ओतल्या की वाफ उठते. रात्री अकरापर्यंत गादीला हात लावून पाहायचा, अजून चटका बसतो का. शास्त्रोक्त वाट पाहणं सुरू होतं ते या टप्प्यावर. त्याआधीचं सगळं नुसतं सहन करणं.

ही वाट पाहण्याची सर्वांत जुनी नोंदही आमच्याकडचीच आहे. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर शिक्षा भोगत होता तो नागपूरजवळचा रामटेक, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हिरिरीने मांडलं. दुसऱ्या डोंगरांचे दावेदारही आहेत. ढग दिसला तो आषाढाच्या पहिल्या दिवशी की अखेरच्या, यावरही टीकाकारांत पाठभेदाचं जुनं भांडण आहे. या सगळ्या विद्वत्तेत एका साध्या हिशेबाकडे दुर्लक्ष झालं. शिक्षा एका वर्षाची. आषाढात चार महिने उरलेले, कार्तिकी एकादशीला सुटका. म्हणजे यक्ष तिथे कार्तिकापासून होता, आणि चैत्र, वैशाख, ज्येष्ठ हे तिन्ही महिने त्याने रामटेकच्या टेकडीवर काढले होते. तो इतका वाळला की मनगटातलं सोन्याचं कडं गळून पडलं. विरहामुळे, असं टीकाकार एकमुखाने सांगतात. नागपुरातला कोणताही डॉक्टर मे महिन्याच्या अखेरीस असा पेशंट आला तर आधी लघवीला साफ होते का, ते विचारील. आणि जो माणूस समोरच्या ढगाला रस्ता समजावून सांगायला लागतो, वाटेत कुठे थांब, कुठे पाणी पी, हेही सांगतो, त्याला आमच्याकडे ऊन लागलं असं म्हणतात आणि तळपायाला कांदा चोळतात.

संशय

गारवा आला म्हणजे तापमान उतरलं, एवढं सोपं असतं तर प्रबंधाची गरज नव्हती. घोळ असा आहे.

मेच्या अखेरीस बाहेर ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के, अशी दुपार घेऊ. अशा हवेत तापमापकाला ओलं फडकं गुंडाळलं तर तो २३ अंशांच्या आसपास उतरतो. कूलर म्हणजे मोठं ओलं फडकंच. त्याला पुरतं २३ला पोचता येत नाही, पण २७-२८ची हवा तो खोलीत सोडतो. आता जूनचा दुसरा-तिसरा आठवडा घेऊ. दोन सरी येऊन गेल्या, पारा ३४वर आला, आर्द्रता ७० टक्के. आता तेच ओलं फडकं २९च्या खाली जात नाही. कूलरमधून ३०ची हवा येते, तीही दमट, आणि रात्री उशी ओली लागते. म्हणजे बाहेर दहा अंश उतरले आणि खोलीत दोन-तीन अंश चढले. वर्तमानपत्र छापतं, विदर्भाला दिलासा; आणि ते वाचणारा माणूस बनियनची वात करून पाठ पुसत असतो.

तेव्हा ज्या दिवशी हवा गार झाली त्या दिवशी गार वाटत नाही, आणि ज्या दिवशी गार वाटत होतं त्या दिवशी हवा पेटलेली होती. गारवा आला तो नेमका कधी?

पूर्वपक्ष

पहिला पक्ष पंचांगाचा. मृग लागला की उन्हाळा संपला. ७-८ जून ही तारीख ठरलेली. नक्षत्राचं वाहन बघायचं. बेडूक, हत्ती किंवा म्हैस असेल तर पाऊस भरपूर, गाढव किंवा कोल्हा असेल तर बेताचा. या पक्षाचं आम्ही खंडन करत नाही, कारण तो वाहनापलीकडे काही बोलतच नाही. हत्तीवर बसून आलेला पाऊस रात्री झोपू देईल का, याचा उल्लेख कुठल्याही पंचांगात आम्हाला सापडला नाही.

याच पक्षाची वऱ्हाडी शाखा बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला आहे. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडायचा, भोवती गोलाकार धान्यं ठेवायची, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन काय हललं, काय भिजलं ते पाहून भाकीत सांगायचं. पाऊस सांगतात, पीक सांगतात, पानविड्यावरून राजाची गादी टिकेल की नाही तेही सांगतात. हजारो लोक ऐकायला जमतात. पण कूलर कधी बंद करावा, हा प्रश्न त्या गर्दीतून कोणी विचारत नाही. इतक्या तळमळीचा प्रश्न लोक चारचौघांत विचारायला लाजतात, असंच अनुमान निघतं.

दुसरा पक्ष रानाचा. कावळ्याने मेमध्ये आंब्यावर, करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीवर केलं तर बेताचा. बहावा फुलला की दीडेक महिन्यात पाऊस. पावशा ओरडायला लागला की आलाच. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवून अशा खुणा टिपल्या आणि मराठी माणसाला त्या वाचायला शिकवलं, त्यामुळे या पक्षाबद्दल आम्हाला आदर आहे. फक्त एक अडचण. या सगळ्या खुणा पावसाच्या आहेत. कावळ्याला पिल्लांची काळजी असते, आपल्या झोपेची नाही. उलट पहाटे चार वाजता, जेव्हा कुठे डोळा लागलेला असतो, तेव्हा पावशा खिडकीशी येऊन जो टाहो फोडतो त्याने हवामानाचं ज्ञान वाढतं पण झोपेचं वाटोळं होतं.

तिसरा पक्ष नाकाचा, आणि तोच सर्वांत लोकप्रिय. पहिल्या सरीचा मातीचा वास आला की गारवा आला. लोक खिडकीशी जाऊन डोळे मिटतात. इथे हेतू व्यभिचारी आहे, असं नैयायिक म्हणतील. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हाच वास काढून चंदनाच्या तेलात उतरवतात. वास हा गारव्याचा पुरावा मानला तर भर नवतप्यात कुपीचं बूच काढून गारवा सिद्ध करता येईल. आम्ही हा प्रयोग सुचवला तेव्हा घरच्यांनी अत्तराची किंमत विचारली आणि विषय तिथेच संपला.

पण या पक्षात एक खरी गोष्ट दडलेली आहे, तिच्यासाठी थोडं थांबायला हवं. मेच्या अखेरीस एखाद्या दिवशी चारच्या सुमारास वारा पडतो. झाडाचं पान हलत नाही. आभाळाचा एक कोपरा जांभळट काळा होतो. मग एकदम धूळ उठते, दारं आपटतात, गच्चीवरून कोणाच्या तरी कुरडया उडतात, “वाळवण उचला!” अशी हाकाटी होते, आणि धुळीच्या मागोमाग जो वारा अंगावर येतो तो चक्क गार असतो. पाऊस अजून पडलेला नसतो. मग हा गारवा आला कुठून? ढगातून सुटलेलं पाणी खालच्या कोरड्या हवेत अर्ध्या वाटेवरच वाफ होऊन जातं. वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते भोवतालच्या हवेतून घेतं. हवा गार होते, जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाच-दहा मिनिटांत पारा दहा अंश उतरू शकतो. वळवाचा हा वारा म्हणजे आकाशात बसवलेला कूलर; तत्त्व तेच, पंप तेवढा नाही.

मग या संध्याकाळीच गारवा आला, असं का मानू नये? दोन कारणांनी. एक, दुसऱ्या दिवशी पुन्हा ४३. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. वळवाचा वारा सुटला की विजेच्या तारेवर कुठेतरी फांदी पडते आणि लाइन जाते. कूलर बंद पडतो. आता खोलीत जे काही वाटतं आहे ते बाहेरच्या गारव्यामुळे की कूलर नसल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. प्रयोगाचा सगळा विचका होतो. लाइन येते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि निरीक्षक ओट्यावर पेंगत असतात.

चौथा पक्ष शरीरशास्त्राचा. त्वचेतल्या नसांना तापमान कसं कळतं, याच्या शोधाला २०२१ सालचं नोबेल मिळालं. तपशील गुंतागुंतीचे आहेत. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की आपल्याला अंश कमी कळतात आणि फरक जास्त कळतो. जानेवारीत पारा ३२ला गेला तर नागपूरकर म्हणतो, यंदा थंडी पडलीच नाही. जुलैत तोच पारा ३२वर आला की भजी तळतात. हा पक्ष बरोबर आहे. पण तो मान्य केला तर प्रत्येकाचा गारवा वेगळा ठरतो, आणि घरात कूलर एकच असतो. (मापनपट्टी उलटी करून बघावी, असंही मनात आलं. सेल्सियसने १७४२ साली मुळात पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १०० धरलं होतं. ती पट्टी टिकली असती तर मेमध्ये नागपूर ५७वर असतं, जुलैत ६८वर, आणि पारा चढल्याचा आनंद झाला असता. उकाड्यात मात्र फरक पडला नसता.)

सिद्धान्त

वरचे सगळे पक्ष एकाच जागी फसतात. ते गारवा हवेत शोधतात. गारवा हवेत नसतो. तो घरात जाहीर व्हावा लागतो. आणि जो जाहीर करतो त्याला उठावं लागतं.

हा नियम नीट समजण्यासाठी जूनच्या अखेरची एक रात्र जवळून पाहू. दिवसभर आभाळ भरलेलं, संध्याकाळपासून भुरभुर. रात्री एक वाजता खोलीत पंचवीस-सव्वीस अंश. कूलर पूर्ण वेगावर घुमतो आहे. गादीवर चौघं. कूलरच्या थेट तोंडासमोर थोरला मुलगा, ही जागा त्याने एप्रिलमध्ये भांडून मिळवलेली. आता तो गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करून पडला आहे. धाकटीने आईची साडी ओढून घेतली आहे. आईने चादर. बाबांनी आधी लुंगी वर घेतली, मग उशी पोटावर, आणि आता ते जमिनीवरची सतरंजी एका हाताने चाचपत आहेत. सगळे जागे आहेत. सगळ्यांना थंडी वाजते आहे. बटण दाराशी आहे, आणि दाराशी जायचं तर कोणाच्या तरी पायावर पाय पडणार.

“काय गं, गार वाटून राहिलं का तुला?” बाबा अंधारात विचारतात.

“नाही बा. तुम्हाला वाटून राहिलं असेल तर उठा ना.”

“मला कुठे? पोरांसाठी म्हणत होतो.”

पोरं झोपेचं सोंग घेतात. त्यात दोघांचाही हातखंडा आहे. कूलर सकाळपर्यंत चालतो.

या संवादात ‘गार वाटतं’ असं कोणीही म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्यावं. पहिल्यांदा म्हणणाऱ्यावर पुढची सगळी कामं येतात: आत्ता उठून बटण बंद करणं, उद्या पंपाची वायर काढणं, परवा टाकीतलं हिरवं पाणी उपसणं, आणि रविवारी शेजारच्यांना हाक मारून कूलर स्टँडवरून उतरवून गच्चीवर नेणं. शिवाय दोन दिवसांनी पुन्हा उकडलं तर ‘कोणी बंद करायला सांगितला होता?’ या प्रश्नाला उत्तर देणं. एवढी जबाबदारी अंगावर घेण्यापेक्षा माणूस पांघरूण घेतो. त्यामुळे विदर्भात गारवा प्रत्यक्ष येतो आणि जाहीर होतो, यात नेहमीच अंतर पडतं, आणि ते अंतर हवेवर अवलंबून नसून घरातल्या आळसावर असतं. घरात माणसं जितकी जास्त तितका गारवा उशिरा, हा उपसिद्धान्त. एकटा राहणारा माणूस पहिल्याच रात्री उठून बटण बंद करतो. त्याला कोणाची वाट पाहायची नसते.

आज-उद्या करत हा निर्णय टप्प्याटप्प्याने होतो. आधी पंप बंद, पंखा चालू. ही सर्वांत लबाड अवस्था, कारण कूलर चालू आहे असंही म्हणता येतं आणि बंद केला असंही. मग पंखा दोनवर. मग एकदा कोणीतरी, बहुधा पाणी प्यायला उठलेली आजी, कोणाला न विचारता बटण दाबते.

त्यानंतर जे होतं त्याकडे हवामानशास्त्राचं लक्ष गेलेलं नाही. आवाज थांबतो. होळीपासून त्या खोलीत पत्र्याचा अखंड खडखडाट होता. टीव्हीचा आवाज त्याच्यावर बेतलेला, बोलणं त्याच्यावर बेतलेलं, फोनवर ‘हॅलो’ तीन वेळा म्हणायची सवय त्यातूनच लागलेली. आता एकदम घड्याळाची टिकटिक ऐकू येते. शेजारच्या घरातले हिशेब ऐकू येतात, आणि आपण चार महिने काय काय ओरडून बोललो ते तिकडे ऐकू गेलं असणार, हेही ध्यानात येतं. घरातली माणसं तरी पुढचे काही दिवस ओरडूनच बोलतात. जुलैच्या सुरुवातीला नागपुरात कोणाकडे गेलात आणि समोर बसलेला यजमान तुम्हाला रस्त्यापलीकडचा समजून चहा विचारतो आहे असं वाटलं, तर त्याला बहिरा समजू नये. त्याने नुकताच कूलर बंद केला आहे.

लक्षण

आता व्याख्या. हवामान खातं केरळात मोसमी पाऊस दाखल झाल्याचं वाटेल तेव्हा जाहीर करत नाही. १० मेनंतर, ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला पाहिजे. शिवाय पश्चिमेच्या वाऱ्याची खोली आणि ढगांचा दाटपणा यांच्याही अटी आहेत. हा नमुना आम्ही जसाच्या तसा उचलतो. गल्लीतली १४ घरं ठरवावीत. त्यांपैकी ६० टक्के घरांनी सलग दोन रात्री कूलर बंद ठेवला की गल्लीत गारवा दाखल झाला. ६० टक्के म्हणजे ८.४ घरं होतात. दशांश चिन्हापुढचं घर म्हणून वरच्या मजल्यावरचे भाडेकरू धरावेत. लाइन गेल्यामुळे बंद राहिलेले कूलर मोजू नयेत.

अधिकार

वाट पाहण्याचा अधिकार कोणाला, हेही सांगितलं पाहिजे. एसी असलेल्या घरांना तो नाही. ते २४वर लावून झोपतात आणि सकाळी बाहेर पाऊस पडून गेलेला पाहून आश्चर्य करतात. जे उन्हाळ्यात उठून दुसरीकडे जातात त्यांनाही नाही. इंग्रजांनी मध्य प्रांताची राजधानी नागपुरात ठेवली, पण उन्हाळ्यात सरकार पचमढीला जाऊन बसत असे. वऱ्हाडातल्या साहेबांना चिखलदरा होता. त्यांची ही समज आजच्या कारभारातही टिकून आहे. १९५३च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन दर वर्षी नागपुरात व्हायचं ठरलं. ते डिसेंबरात घेतात, हुरडा आणि संत्री यायच्या मोसमात. २०१८ साली मात्र पावसाळी अधिवेशन इकडे आणलं. ६ जुलैला असा पाऊस कोसळला की विधानभवनाच्या वीजकक्षात पाणी शिरलं, अंधार झाला आणि कामकाज तहकूब करावं लागलं. नागपूरकरांनी उन्हाळाभर वाट पाहून मिळवलेला गारवा बाहेरच्यांनी आयता घ्यायला येऊ नये, एवढाच अर्थ आम्ही त्यातून काढला.

पूर्ण अधिकार आहे तो संत्र्याच्या झाडाला. मृग बहारासाठी बागाईतदार भर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड तग धरून उभं राहतं, आणि जूनचा पाऊस मुळाशी पोचला की फुलांनी लगडतं. वाट पाहण्याचं फळ मिळाल्याचं हे एक उदाहरण आमच्या संग्रहात आहे. माणसाच्या बाबतीत ताण दिल्यावर घामोळं येतं.

प्रायश्चित्त

गारवा जाहीर झाला, कूलर गच्चीवर गेला, खिडकी उघडली, आणि मग पावसाने दडी मारली तर? जुलैत असं होतं. आभाळ निरभ्र, उमस असह्य, आणि कूलर वर ताडपत्रीखाली. कूलर परत आणावा का? आमच्या मते आणू नये. तो उतरवायला ज्या शेजाऱ्याला बोलावलं होतं त्यालाच पुन्हा बोलवावं लागेल, आणि तो येतो तेव्हा नुसता येत नाही, “मी म्हणत होतो” हेही बरोबर आणतो. अशा वेळी ज्याने कूलर हलवायला लावला त्याने दोषपरिहारार्थ रात्रभर पंख्यापासून सर्वांत लांब झोपावं. ऑक्टोबरच्या उकाड्याला हे प्रायश्चित्त लागू नाही. तोवर गुन्हेगार कोण होता ते सगळे विसरलेले असतात.

टाकीचा प्रश्न तेवढा उरला. कूलर गच्चीवर नेला म्हणजे रिकामा केला, असं नसतं. तळाशी चार बोटं पाणी राहतं, त्यावर पाऊस पडतो, आणि महिन्याभरात त्यात डासांची अळी वळवळते. डेंग्यूची पाहणी करायला माणूस दारात येतो आणि विचारतो, कूलरमधलं पाणी काढलं का? जूनभर ज्या चौघांचं पंख्याच्या वेगावरही एकमत झालं नव्हतं, ते चौघंही, आजीसकट, एका सुरात सांगतात, “कधीचंच!” माणूस वहीत खूण करतो. पुढचं घर तोवर दार लोटून घेतं.